कपबशीचा आवाज

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. प्रयोगशाळेत मात्र मीटरवरचा आकडा एका जागी टिकत नाही. केसाहून हजारपट बारीक तारेतून आम्ही वीज सोडतो. इतक्याशा जागेत इलेक्ट्रॉन आपल्या धाकट्यासारखाच वागतो, एक पाय घरात, एक बाहेर. सगळ्या जोडण्या तपासल्या, पंखासुद्धा बंद केला. डोकं फिरायची वेळ आली. शेवटी सर म्हणाले, "ही थरथर दोष नाही, त्याचा स्वभावच आहे."

बरं, परवा फोनवर तुमच्या हातातली कपबशी वाजत होती. आई म्हणाली, "साखर ढवळतायत." बाबा, तुम्ही बिनसाखरेचा चहा पिता ना?

ही थरथर मी स्वभाव म्हणून सोडणार नाही. उद्याच डॉक्टरांकडे जा.

फोनला कान लावून बसलेली,
तुमची लेक