दुखण्याचे मार्क

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझी आणि तुझ्या बायकोची प्रकृती उत्तम आहे असं धरून चालते. नसेल तर सवडीने कळव, आधी माझं ऐक.

नातीला सिकलसेल आहे हे तुला ठाऊक आहेच (रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि पोरीची हाडं ठणकतात). तिचे आईवडील दिवसभर कामावर, म्हणून फाईल माझ्या ताब्यात. दर तीन महिन्यांनी आम्ही दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर जातो. तिथे एकाच दिवशी रक्ताचे डॉक्टर, डोळ्यांचे, दातांचे, डोक्याची सोनोग्राफी, लसी, आणि शाळेत पाणी प्यायला नि बाथरूमला सोडतात का हे विचारणाऱ्या एक बाई, असं सगळं उरकतं. व्यवस्था चोख आहे. (रांग मी लावते. कुणी नेमलेलं नाही, पण कुणी हरकतही घेतलेली नाही.) घरी पाण्याचे ग्लास, गोळ्या, मोजे, ताप, सगळ्याचा तक्ता भिंतीवर आहे. त्यातच एक रकाना दुखण्याचा: शून्य ते दहा. पाचाच्या आत असेल तर साधी गोळी आणि शेक, वर गेलं तर तडक दवाखाना.

गेल्या शनिवारी शाळेतून आली ती पाय ओढत. मी विचारलं, किती? म्हणाली, तीन. मी गोळी दिली, शेकलं, तक्त्यात तीन लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले. तासाभराने पुन्हा तीन. तोंड पांढरंफटक, उशीचा कोपरा दातांत, आणि तरी तीन. आकडा आणि चेहरा जुळेना, तेव्हा मी रिक्षा बोलावली.

तिथल्या नर्सबाईंनी नाडी बघितली, माझ्याकडून उशीचं ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं राणी, तिनाला कुणी उशी चावतं का?" त्यावर आमचं रत्न काय म्हणालं ऐक. "आजी दहापैकी दहा कुणालाच देत नाही. बरोबर उत्तराचापण अर्धा मार्क कापते."

पस्तीस वर्षं गणित शिकवलं, पण इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. खरा आकडा नऊ होता. सलाईन लागलं, जोरदार औषध दिलं, तिसऱ्या दिवशी घरी आलो. डॉक्टरांनी (माझ्या मुलापेक्षा लहान असतील) मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की तिनावर विसंबून पुढच्या वेळी उशीर झाला तर महागात पडेल. मी उभ्या उभ्या ऐकून घेतलं. सोबत नेलेल्या तक्त्याखाली आता नर्सबाईंच्या अक्षरात लिहिलंय: दुखण्याचे मार्क कापू नयेत. खाली माझी सही.

बाकी सर्व क्षेम.

तुझी,
ताई

ता. क. खरं काम राहिलंच. पोरगी अजून आकडा सांगताना आधी माझ्या तोंडाकडे बघते. तू आठवडाभर ये. बोटाला सुई टोचली तरी शेजारपाजार गोळा करणारा आपल्या घराण्यात तूच एक. तिच्यासमोर मनसोक्त कण्ह. मी एक अक्षर बोलणार नाही.

ता. क. दुसरा. तिने पत्र वाचलं. म्हणते, आजी, रिक्षात तू किती घाबरली होतीस ते लिहिलं नाहीस. मी म्हणाले, चार. तिने भिंतीवरच्या तक्त्याखालच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं.

बरं. दहा.