हॅलोरनचा कोपरा

वेलबोर्न, आयोवा
१४ नोव्हेंबर १९८७

चि. लोइस हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

संत्र्यांची पेटी पोचली. गोड आहेत. इथे पहिलं बर्फ पडून गेलं, तुझ्या मेहुण्यांचा, एल्मरचा, गुडघा कुरकुरतोच आहे, आणि मी उमेदवारांना विटले आहे.

आपल्या पक्षातून या खेपेला इतकेजण राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेत की नावं ध्यानात राहत नाहीत. जेवायला बसलं की फोन. काल एकाच दुपारी दोन सिनेटर गावात, एक धान्याच्या कोठारापाशी, दुसरा चर्चच्या तळघरात. दोघांनीही एवढ्या थंडीत शर्टाच्या बाह्या वर सरकवलेल्या. मक्याबद्दल असे बोलत होते, जसा काही यांनीच पेरलाय. यांनी मका ताटातच पाहिलेला!

मी प्रत्येकाला एकच विचारते. आपल्या काउंटीच्या हॉस्पिटलातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला, तो पुन्हा कोण उघडणार? मार्चमध्ये आमच्या सूनबाईंना, जेनीनला, कळा सुरू झाल्या, आणि आमचा डेल तिला पलीकडच्या काउंटीत नेत असताना कोरी हायवेच्या कडेला पिकअपमध्येच जन्मला, तो निळा पडला होता, हे सगळं सांगते. एक सिनेटर म्हणाला, फार छान प्रश्न विचारलात, आणि पुढच्या माणसाकडे वळला. दुसऱ्याने मला बिल्ला दिला. गव्हर्नर हॅलोरन तेवढा खुर्ची ओढून बसला, सगळं ऐकलं, आणि लहान गावांतल्या हॉस्पिटलांना पैसा कुठून आणायचा ते समजावून सांगितलं. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघ. एल्मर म्हणतात, भाळलीस. भाळले बिळले काही नाही. अजून काहीच ठरवलेलं नाही.

माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी ताई,
आर्डिथ


ट्यूसॉन, ॲरिझोना
१७ जानेवारी १९८८

ती. ताईस,
लोइसचा शि. सा. नमस्कार.

कशी सुरुवात करू कळत नाही. परवा टीव्हीवर तुमच्याकडचा उमेदवारांचा वादविवाद लावला होता. तो तुझा हॅलोरन डोळे पुसत म्हणाला, वेलबोर्नच्या आर्डिथ नावाच्या आजीचा नातू हॉस्पिटलच्या वाटेवर, आईच्या मांडीवर गेला. ताई, हे कधी झालं? नाताळात तर तू त्याच्या दातांचं लिहिलं होतंस. दोन दिवस फोन लावतेय, तो सारखा गुंतलेला. माझ्यापासून काही लपवू नकोस. निघून येऊ का?

तुझ्याच काळजीत,
लोइस


वेलबोर्न
२२ जानेवारी १९८८

चि. लोइस हिस,
अनेक आशीर्वाद.

अगं, कोरी ठणठणीत आहे! मेला तो फक्त टीव्हीवर.

फोन लागेल कसा? सांत्वन करणाऱ्यांचेच फोन थांबत नाहीत. आपल्या गावाला खरं माहीत आहे, पण बाकीच्यांना कोण सांगणार? पलीकडच्या काउंटीतल्या चर्चने फुलं पाठवली. एल्मरच्या चुलतभावाची बायको हॅम घालून केलेलं बटाट्याचं कॅसरोल घेऊन रडत रडत दारात आली. तिला आधी पाणी दिलं, मग खरं सांगितलं, तर तीच माझ्यावर रुसली.

हॅलोरनच्या कचेरीत मी फोन केला. तिथली बाई म्हणाली, गव्हर्नरांची जीभ जरा घसरली, पण लोकांचा प्रतिसाद फार चांगला आहे. प्रतिसाद! मी फोन आपटला.

खरं दुखणं वेगळंच आहे. जेनीन आमच्याशी बोलत नाही. म्हणाली, आई, माझं बाळंतपण तुम्ही गावभर कॉफीबरोबर वाटत सुटलात, आणि आता साऱ्या देशापुढे माझं मूल मेलं. तेव्हापासून कोरीला इकडे आणत नाही. डेल मान खाली घालून येतो न् जातो. मी तिला काय उत्तर देऊ?

आणि मत कुणाला द्यायचं, तेही सुटत नाही. बाकीच्यांची पत्रकं पुन्हा वाचली. त्यांच्यात वॉर्डाचं नावसुद्धा नाही. कामाचं बोलणारा हा एकटाच, आणि नेमका हाच असा. हा काय न्याय झाला?

तुझी वैतागलेली,
आर्डिथ


ट्यूसॉन
२९ जानेवारी १९८८

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी रडले, मग तुझ्यावर रागावले, मग त्या कॅसरोलवर पोट धरून हसले. माझं ऐकशील तर मतदानाच्या दिवशी घरीच बस. एकदा तू नाही गेलीस तर देश बुडत नाही. पण तू ऐकणार नाहीस. लहानपणी तरी कधी ऐकलंस? जेनीनकडे मात्र उमेदवारांसारखी भाषणं घेऊन जाऊ नकोस.

लोभ आहे तसाच ठेव.
लोइस


वेलबोर्न
९ फेब्रुवारी १९८८

चि. लोइस हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

गेले. काल शाळेच्या जिममध्ये पक्षाचा उमेदवार निवडायचं आपलं नेहमीचंच, चिठ्ठी नाही, पडदा नाही, ज्याला जो हवा त्याच्या कोपऱ्यात सगळ्या गावासमोर जाऊन उभं राहायचं. एल्मर तडक त्यांच्या सिनेटरकडे गेले. मी मधोमध, कोटसुद्धा न काढता. चारी बाजूंनी हाका. दंतवैद्याच्या बायकोने तर बाहीच ओढली. हॅलोरनकडे माणसं नियमाला पुरतील इतकीही नव्हती, म्हणजे कोपरा मोडणार आणि त्यांना दुसरीकडे जावं लागणार असं दिसत होतं. मला वाटलं, बरं झालं, माझा प्रश्न सुटला.

तेवढ्यात जेनीन आली, कोरीला कडेवर घेऊन, आणि सरळ हॅलोरनच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कुणाला आपल्या माणसाबद्दल बोलायचंय का, असं सभा चालवणाऱ्याने विचारल्यावर तिने हात वर केला. लोइस, ही मुलगी चर्चमध्ये प्रार्थनासुद्धा मोठ्याने म्हणत नाही.

म्हणाली, हा कोरी. जिवंत आहे, नीट बघून घ्या. त्या माणसाने याला टीव्हीवर मारलं आणि अजून माफी मागितलेली नाही. मला त्याचा संताप येतो. पण मला पुन्हा दिवस गेलेत, आणि याही वेळी तेवढंच लांब जायचंय. वॉर्डाबद्दल दुसरा कुणी बोलत असेल तर सांगा, मी आत्ता त्याच्याकडे जाते.

दिवसांचं तर मला तिथेच, गावाबरोबर कळलं. माझे पाय आपोआप तिच्याकडे वळले. माझ्यामागून दंतवैद्याची बायको आली, मग आणखी काहीजण. कोपरा टिकला. एल्मर मात्र हलले नाहीत. घरी येताना म्हणाले, गुडघा दुखत होता.

एवढं करून सकाळी रेडिओवर काय ऐकते, हॅलोरन राज्यात पाचवा. बहुतेक माघार घेईल म्हणे. वॉर्ड आहे तसाच बंद. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

पण जिमबाहेर, गाड्यांपाशी, जेनीनने कोरीला माझ्या हातात दिलं आणि स्वतः काचेवरचं बर्फ खरवडत राहिली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, राग गेलेला नाही, रविवारी जेवायला या, आणि यापुढे माझ्याबद्दल कुणालाही काही सांगायचं झालं तर आधी मला विचारायचं. मी म्हटलं, विचारीन.

तिच्या दिवसांचं तुला लिहिलंय ना, ते आज सकाळी तिला फोन करून, विचारूनच लिहिलंय.

तुझीच,
आर्डिथ