एकाआड एक ओळ

जळगाव,
रविवार, दि. १२ डिसेंबर १९९९, सकाळी ९ वाजून २० मि.

तीर्थस्वरूप आबांना धाकट्या शालिग्रामचा वाकून नमस्कार. (रागात आहे, पण नमस्कार पूर्ण वाकून केला आहे. तो वेगळा, राग वेगळा.) उजव्या डोळ्याची पट्टी कधी निघणार, टाके टोचतात का, थेंब दिवसातून चार वेळा पडतात की वहिनींनी बाटली हातात घेतल्यावरच पडतात, ते कळवणे. आमच्याकडे सर्व ठीक. डॉक्टरांनी तुम्हाला वाचायला बंदी केली आहे असे समजले, तेव्हा हे पत्र वच्छलावहिनी वाचून दाखवतील असे धरून लिहितो. वहिनी, कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे, तो मोठ्याने वाचू नये. (पहिला कंस वाचून झाला असेल तर असू द्या.)

आता मुद्दा. गुरुवारी साक्रीच्या लग्नात, हिरवी पट्टी बांधून, भर पंगतीत तुम्ही म्हणालात, “शाल्यानी मना तोंडवर दार लाई दिनं.” मला हे तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितले आणि तिघांचे शब्द अक्षरशः सारखे होते, म्हणजे तुम्ही ते किमान तीनदा म्हणालात. सख्ख्या भावाने मोठ्या भावावर दार लावले, ही गोष्ट आता धुळ्यापासून साक्रीपर्यंत मोटारीने गेली असेल. म्हणून जे घडले ते तारीखवार, वेळेसह लिहितो. हे पत्र फाईलला लावून ठेवावे, कारण मीही नक्कल ठेवली आहे.

आमच्या कॉलेजचा सर्व्हर म्हणजे माझ्या टेबलाशेजारचे ते मोठे खोके. त्याला चोवीस तास चालू असलेली लाइन आहे. जगातल्या अशा प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. चार आकडे, मध्ये तीन ठिपके. तो नंबर ठाऊक असला की कुणीही कुठूनही येऊन आमचे दार वाजवू शकतो. दार वाजले की यंत्र आधी नाव विचारते, मग परवलीचा शब्द विचारते. दोन्ही बरोबर असले तरच आत घेते. चुकले की पुन्हा नाव, पुन्हा शब्द. असे पाच वेळा चुकले की लाइन तोडून टाकते. (हे पाच वेळाचे मी बसवले आहे. मुळात ते वेगळे होते, मला पटले नाही.) चुकीचे नाव कोणते टाकले हे यंत्र एरवी लिहून ठेवत नाही, पण मी पुस्तकाचे एकशे बारावे पान वाचून ती सोय मुद्दाम चालू केली. परवलीचा शब्द मात्र ते कुठेच लिहीत नाही, पडद्यावरही दाखवत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच वाक्याने माझा घात केला आहे.

हे सगळे मला कुणी शिकवलेले नाही. सावद्याला केळीवाल्यांच्या मोटारींचे वायंडिंग करता करता मी टीव्हीपर्यंत आलो आणि टीव्हीवरून इथपर्यंत. आमचे अभिमन सर एम.टेक. आहेत, पण सर्व्हरचे झाकण उघडायचे झाले की ते आधी घड्याळाकडे पाहतात आणि मग मला बोलावतात. तरीही प्रिन्सिपलसाहेबांच्या कानाला ते सतत लागलेले असतात की हे काम पुण्याच्या कंपनीला द्यावे, शालिग्रामभाऊंकडे कागद नाही. कागद म्हणजे पदवी. म्हणून मी माझे कागद तयार करतो. दार वाजवणाऱ्या प्रत्येक चोराचा नंबर मी रजिस्टरमध्ये लिहितो. तारीख, तास, मिनिट, सेकंद, टाकलेले नाव. मग तो नंबर कुणाच्या ताब्यातला आहे ते काढतो. आपल्याकडे गट नंबरावरून सातबारा काढतात, तसा या नंबरांचाही उतारा निघतो, आणि तलाठी जेवायला गेला असे कधी होत नाही. मग त्या मालकाला जावक क्रमांक घालून रीतसर तक्रार पाठवतो. दोन वर्षांत चौदा तक्रारी केल्या. त्यांतल्या कोरियातल्या एका कॉलेजाने ते यंत्र बंद केले आणि माझे आभार मानले. तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. अभिमन सर नेमका त्यावरच चहाचा कप ठेवतात.

तर मंगळवार, ३० नोव्हेंबर. सकाळी ११ वाजून ८ मिनिटे १४ सेकंदांनी दार वाजायला सुरुवात झाली. पाच चुका झाल्या, यंत्राने हाकलले. लगेच पुन्हा आला. पुन्हा पाच, पुन्हा हाकलला. तिसऱ्यांदा आला. आबा, कोरियावाल्यालासुद्धा इतकी लाज होती. एकूण पंधरा नावे, आणि दोन नावांतले अंतर इतके सारखे की मी रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, “हल्लेखोर हा इसम नसून प्रोग्रॅम आहे, कारण इसमाचा हात इतका एकसारखा चालत नाही.” (वहिनी, हा शेरा मात्र मोठ्याने वाचा. आबांना आवडेल.) चौथ्यांदा येतोय असे दिसताच, ११ वाजून १३ मिनिटांनी, मी तो नंबरच कायमचा बंद केला. तुम्ही ज्याला दार म्हणता ते हे.

आता ती नावे, सगळी इंग्रजी अक्षरांत. पहिलेच नाव होते आर-ए-एम, आर-ए-एम. माझ्या जागी दुसरा कुणीही असता तरी त्याने हेच वाचले असते. रॅम. रॅम म्हणजे यंत्राची मेमरी, त्यातला सर्वांत महाग भाग. चोराने ते दोनदा लिहिले आणि आमच्या सर्व्हरमध्ये रॅमच्या पट्ट्या दोनच आहेत. इतकी आतली माहिती बाहेर गेली कशी? मी प्रिन्सिपलसाहेबांच्या परवानगीने सर्व्हर बंद केला, दोन्ही पट्ट्या काढल्या, रुमालात गुंडाळल्या आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद केल्या. तीन दिवस कॉलेजचे ई-मेलचे टपाल त्यामुळे थांबले. पुढची नावे कुठल्याच भाषेत बसेनात. ‘मना डोया’. ‘सुक्कुरवारले’. ‘टु ये’. ‘कोनले सांगू नाको’. अभिमन सर म्हणाले, शेवटचे जपानी आहे, नक्की जपानी आहे, माझा एक वर्गमित्र जपानला होता. एम.टेक. माणूस!

पण उतारा काढला तर नंबर जपानचा नाही, कोरियाचा नाही, धुळ्याचा. इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या धुळ्यातल्या लाइनींपैकी एक. माझे डोके तिथेच फिरले. बाहेरचा चोर समजू शकतो, पण धुळ्याचा! मी पाच पानी तक्रार केली, एक प्रत पुरवठादाराला, एक धुळ्याच्या पोलिसांना माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी. पोलिसांनी शोधून काढले की ती लाइन निंबाच्या इंटरनेट केंद्रातली आहे. (तेच, रसवंतीच्या मागचे. दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा.) निंबाने जबाब दिला की पांढऱ्या टोपीतले एक वयस्कर गृहस्थ आले होते, खिशातून एक कागद काढून म्हणाले हा नंबर लावून दे, आणि मग मान वर न करता धाडधाड टाइप करत राहिले. दर वेळी लाइन तुटली की निंबा पुन्हा जोडून द्यायचा आणि म्हणायचा, चालू द्या आबा. मला वाटले गप्पा मारताय, असे तो म्हणतो. पंधरा वेळा समोर ‘नाव चुकीचे’ असे लिहून येत होते, आणि या माणसाच्या केंद्राच्या पाटीवर ‘तज्ज्ञ मार्गदर्शन’ असे रंगवलेले आहे.

मंगळवार, ७ डिसेंबर. प्रिन्सिपलसाहेबांच्या केबिनमध्ये बैठक. विषय एकच, सर्व्हर शालिग्रामकडे ठेवायचा की पुण्याला द्यायचा. मी उभा राहून पंधरा नावे एकेक करून वाचत होतो, परदेशी शब्द वाचावेत तशी जीभ वळवून. आमच्या ताईबाई, शिपाई, कापडण्याच्या, चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. मी म्हटले, ताईबाई, बैठक चालू आहे. त्या म्हणाल्या, “सायेब, हाई ते आपली अहिरानी शे. कोनाना तरी डोया बिघडेल शे. तुमले बलाई ऱ्हायना तो.”

आबा, त्या केबिनमध्ये आठ माणसे होती आणि आठांपैकी पाच खानदेशातली.

डोया म्हणजे डोळा, आणि बोलावणे मला! मी यादी खाली ठेवली आणि पहिल्यापासून पुन्हा वाचली, या वेळी आपल्या तोंडाने. राम राम. मना डोया. सुक्कुरवारले. तू ये. कोनले सांगू नको. धुळ्यात असा एकच माणूस आहे जो एकतीस वर्षे पाटबंधारे खात्यात टंकलेखक होता, ज्याच्या ओळी तारेसारख्या तुटक असतात, ज्याचा हात यंत्रासारखा एकसारखा चालतो, आणि जो टाइप करताना वर बघणे हा अपमान समजतो. तुम्ही पत्र लिहीत होतात. प्रत्येक ओळ संपली की सवयीने पुढच्या ओळीवर जात होतात. यंत्राला पहिली ओळ वाटली नाव, दुसरी वाटली परवलीचा शब्द, तिसरी पुन्हा नाव. जे नाव ते लिहून ठेवले, जो शब्द तो गिळून टाकला. म्हणजे तुमच्या पत्राची एकाआड एक ओळ माझ्या रजिस्टरमध्ये आहे आणि एकाआड एक ओळ जगात कुठेच नाही. ‘राम राम’ आहे, त्याच्या खाली माझे नाव असणार, ते नाही. ‘सुक्कुरवारले’ आहे, शुक्रवारी काय ते नाही.

आता मला सांगा, यात माझी चूक कुठे? एकदा, फक्त एकदा मान वर केली असती तर? घरी फोन आहे. (वहिनी, तुम्ही ऐकाल म्हणून आबांनी तो वापरला नाही, हे तुमच्याच बोलण्यातून कळले. तुम्हाला म्हणे पेन्शनच्या कामाला जातो असे सांगून निघाले आणि संध्याकाळी पट्टी बांधून आले.) पोस्ट आहे. एस.टी. आहे. शुक्रवारी, ३ तारखेला, तुम्ही एकटे रिक्षाने दवाखान्यात गेलात, नातेवाइकाच्या सहीच्या जागी स्वतःचीच सही केलीत, बाकावर बसून दाराकडे बघत राहिलात, आणि मग साऱ्या गावाला सांगितलेत की भाऊ आला नाही. मी त्या वेळी कुठे होतो ते लिहितो. जळगावात, कपाटातून रॅमच्या पट्ट्या काढून पुसत होतो. मला याचा जो राग आला आहे तो नेमका कुणाचा, हे ठरवायला मला चार दिवस लागले. निंबाचा आहे, अभिमन सरांचा आहे, तुमचा तर आहेच. उरलेला ज्याचा आहे त्याचे नाव लिहायला इथे जागा नाही.

बैठकीचा निकाल असा की सर्व्हर माझ्याकडेच राहिला. प्रिन्सिपलसाहेब मूळचे शिरपूरचे. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते, खांदे हलत होते, मग म्हणाले की पुण्याच्या कंपनीला हे पत्र वाचता आले नसते. अभिमन सरांनी कप उचलला. खाली कोरियाच्या कागदावर गोल डाग पडला आहे, तो जाणार नाही.

वहिनींना नमस्कार. पट्टीला पाणी लागू देऊ नये.

तुमचा आज्ञाधारक पण अजून रागावलेला,
शालिग्राम

ता.क. १. पोलिसांत दिलेली तक्रार माझ्या एकट्याच्या अर्जावर मागे घेता येत नाही असे हवालदार म्हणतात. ते गुरुवारी तुमच्याकडे येतील. (मागच्या वेळी आले तेव्हा ते तब्येत विचारायला आले असे समजून तुम्ही त्यांना चहा आणि चिवडा दिलात, तेव्हा ओळख आहेच.) सोबत अर्ज जोडला आहे. ‘मी कॉम्प्युटर-चोर नसून तक्रारदाराचा सख्खा थोरला भाऊ आहे’ याच्याखाली पेन्सिलने फुली केली आहे, तिथे सही हवी. फुलीकडे बघून करावी.

ता.क. २. (वहिनी, हे फक्त तुम्हाला. आबांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक लग्नपत्रिका असेल. तिच्या मागे साक्रीच्या साखरपुड्यात मी माझ्या हाताने सर्व्हरचा नंबर लिहून दिला होता, ठिपक्यांसकट, आणि खाली लिहिले होते, ‘जगात कुठूनही हा नंबर लावा आणि काय म्हणायचे ते टाइप करा, थेट माझ्या टेबलावर येईल.’ आबांची पट्टी निघायच्या आत ती चुलीत घालावी.)

ता.क. ३. यादीतले पंधरावे, शेवटचे नाव वर लिहिले नाही. ते ‘माले भेव लागस’ असे आहे. आबा, तुम्हाला भीती वाटते हे मला एकोणपन्नास वर्षांत ठाऊक नव्हते, आणि त्यानंतर सहा सेकंदांनी मी दार लावले. त्याच्या खालची ओळ काय होती ते एकदा वहिनींकडून लिहून पाठवा. डाव्या डोळ्याची तारीख ठरली की साध्या पोस्टकार्डावर कळवा, एकही ओळ न सोडता. मी आदल्या दिवशीच्या एस.टी.ने येतो. नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी ठेवावी.