नथ्थूचा कासोटा आणि तिसरा वन्समोर

आरमोरी, पौष वद्य पंचमी, सन १९५७

तीर्थरूप रामाजीभाऊंच्या चरणी धाकट्या मुखरूचा दंडवत. इकडे सर्व खुशाल. तुमची दाढ आणि गुणावहिनींचा गुडघा कसा आहे ते कळवावं. आमची तांबडी गाय व्याली. (कालवड झाली. नाव गुणी ठेवलं. वहिनींना सांगू नका.)

तुमचं पत्र पोचलं. नागपूरच्या विद्यापीठाची पोरं संगीत नाटक घेऊन आरमोरीला येताहेत, त्यात आपला नथ्थू सापडला तर त्याचं कॉलेज बंद, कान धरून घरी, पोंभुर्ण्याच्या मोटारीत बसव, असा तुमचा हुकूम. मोठ्या भावाचा हुकूम मी कधी मोडला आहे? कान धरायला सोपं जावं म्हणून पहिल्याच रांगेत जाऊन बसलो.

नाटक जुनंच, विनोदी, आपल्या आबांना ज्याची पदं तोंडपाठ होती ते. पण वेळ दुपारी चारची! (दिवाबत्तीला संपतंसुद्धा म्हणे. आपल्याकडे तोवर पडदाही बांधून होत नाही.) मी नाक मुरडूनच बसलो होतो, पण नांदी सुरू झाली आणि नाक आपोआप जागेवर आलं. काय ती पोरं, भाऊ! काय सूर, काय तयारी! हसून हसून शेजारच्या पोचू पाटलाचं पागोटं तीनदा खाली पडलं. आणि ती नायिका! हिरवं लुगडं, मान जराशी कलती, आणि एका पदात तीन नवरदेवांना वाटेला लावते. मी चौदा वर्षं गावच्या दंडारीच्या नाचगाण्यात बायकांची कामं केली, तेव्हा लुगडं नेसून मुरडायचं कसं हे मला कोणी शिकवू नये. पण तिच्यापुढे मी मनातल्या मनात हात जोडले. नथ्थू मात्र कुठं दिसेना. मला हायसं वाटलं.

दुसऱ्या अंकात तिनं हात वर करून तान घेतली आणि तिचा कासोटा सुटायला लागला. (शिकलेली पोरं, पण आत गाठच मारलेली नाही!) तिनं घाबरून समोर पाहिलं आणि मी ते डोळे ओळखले. लहानपणी मोहाच्या झाडावरून पडला तेव्हा नथ्थूनं माझ्याकडे असंच पाहिलं होतं.

आता तुम्हीच सांगा, कान धरू की कासोटा? आपल्याकडे गाणं आवडलं की माणूस सरळ स्टेजवर चढून नटाचा मान करतो. मीही चढलो. हातात नारळ नव्हता, म्हणून खांद्यावरचा दुपट्टा पसरला, त्याच्या आडोशानं कासोटा खोचून गाठ मारली आणि वाकून नमस्कार केला. शहरातल्या पोरांचे चेहरे पांढरे पडले. पण गावाला वाटलं, हा चौथा नवरदेव! वन्समोर पडला. पद पुन्हा झालं, मला पुन्हा चढावं लागलं. मग दुसरा वन्समोर, मग तिसरा. (गाठ पक्कीच होती, पण लोकांची समजूत कोण काढणार?) दोन ओळींच्या मधे नथ्थू हळूच म्हणाला, "काका, उतरू नका जी. लोकायले लय आवडून राह्यलं."

नाटक संपल्यावर मात्र रंगलेल्या तोंडानं ढसाढसा रडला. "बाबा मले कॉलेजातून काढतीन का जी?" मी त्याच्या मास्तरांना गाठून विचारलं. पोरगं गणितात वर्गात पहिलं आहे. भाऊ, मला त्याचा फार अभिमान वाटला. तुमचा हुकूम मी आज पहिल्यांदा मोडतो आहे. नथ्थू मोटारीत बसलेला नाही. काय रागवायचं ते माझ्यावर रागवा, त्याचं कॉलेज तेवढं बंद करू नका.

तुमचा आज्ञाधारक (आजचा दिवस सोडून)
मुखरू

ता. क. बुधवारी त्यांचा प्रयोग वरोऱ्याला आहे. चौथ्या नवरदेवाशिवाय पोरं जायला तयार नाहीत, म्हणून मलाही जावं लागतं. माझं धान खळ्यावर पडलं आहे. तुम्ही येऊन मळणी करून घ्यावी.

ता. क. दुसरा. गाठ मारताना लुगड्याचा काठ नीट पाहिला. वहिनींचं आहे. त्यांना काही बोलू नका. माझ्या पहिल्या दंडारीला आबांना चोरून आईचं लुगडं मला कोणी काढून दिलं होतं, आणि माझं पद ऐकत धानाच्या तणसाच्या ढिगाआड बसून कोण रडत होतं, ते मी पाहिलं होतं भाऊ. आजवर बोललो नाही.