पांढऱ्या घोड्याचा साज

प्रिय भैरवी,

तुझा मेसेज मिळाला. घोडा पुन्हा रंगवून झाला, डिसेंबरच्या प्रदर्शनाला नवा साज हवा, ‘तुझ्याशिवाय कुणावर सोपवू?’ असं लिहिलंयस. फोटोही पाहिला. रंग छान बसलाय, खोटं कशाला बोलू. कॅम्पातून टिळकवाडी काही लांब नाही, रिक्षाने येऊन सांगता आलं असतं. पण समोर बसलो की तू बोलतेस आणि मी चहा करते, तीस वर्षं असंच चाललंय. म्हणून कागद घेतला. साज मी करणार नाही. का नाही ते सांगते, शेवटपर्यंत वाच.

तुझ्या चिन्मयने परदेशातून तो वीतभर उंचीचा प्लास्टिकचा घोडा आणला आणि आपल्या दोघींना हा नाद लागला. शाळेत तू चित्रकला शिकवायचीस, मी शिवण, त्यामुळे कुणी काय करायचं हे ठरवावं लागलंच नाही. तुझा रंग, माझं चामडं. खऱ्या लगामाची मापं घ्यायला आपण निपाणीकडच्या घोडागाडीच्या शर्यतीला गेलो होतो. मी टेप काढून घोड्याच्या तोंडाभोवती धरला तशी त्याचा मालक यल्लाप्पा म्हणाला, “आक्का, घोड्याला पोलकं शिवतायसा काय?” माणसं पोट धरून हसली. तेव्हा तू त्याला सांगितलं होतंस, शिवणारी ही, मी नुसती रंगवणारी. हे तू एकदा का होईना बोलली होतीस, म्हणून लक्षात राहिलं.

पांढऱ्या घोड्याच्या साजाला मला आठ महिने लागले. जुन्या हातमोज्याचं चामडं ब्लेडने तासून तासून कागदाएवढं पातळ केलं. तांब्याची तार सुईभोवती वळवून बकलं केली, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि प्रत्येक उघडत होतं, लागत होतं. खडेबाजारातल्या चांभाराकडून गडद तपकिरी रंग आणून खोगीर, लगाम, पोटाखालून आवळायचा तंग, सगळं रंगवलं. चष्म्याचा नंबर वाढला तो त्याच वर्षी. प्रदर्शनात चिठ्ठी लागली, ‘घोडा व साज : भैरवी’. मला वाटलं लिहिणाऱ्याची चूक. मग बक्षीस घेताना तू माइकवर म्हणालीस, “आमची कल्याणी सुईत दोरा ओवून देते हं, तिचे डोळे चांगले आहेत.” लोक हसले. मीही हसले, टाळ्या वाजवल्या. घरी येऊन पोळ्या लाटताना तुझा इतका राग आला की लाटणं बाजूला ठेवून ओट्याशी उभी राहिले. तू नंतरही कधी विषय काढला नाहीस. तुला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं, आणि तेच मला सोसलं नाही.

एप्रिलमध्ये नातवाला सांभाळायला तू पुण्याला गेलीस, तेव्हा झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिलीस. जायच्या सकाळी फोटो काढलेस आणि घाईत साज घोड्यावरच राहिला. आपल्या नादातली बाराखडी आहे ही: फोटो झाला की साज उतरवायचा, नाहीतर उन्हाने चामड्याचा रंग सुटतो आणि घोड्यात मुरतो. तुझं काचेचं कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर. वाटेत घाटातून तुझा फोन आला, “साज काढून ठेवशील गं?” संध्याकाळी पुन्हा आला, “काढलास का?” मी काढला म्हणून सांगितलं. मी तेव्हा तुझ्या कपाटासमोरच्या खुर्चीवर बसले होते आणि साज घोड्यावर होता.

विसरले असं समजू नकोस. दर आठवड्याला जायची, झाडांना पाणी घालायची आणि मग कपाट उघडायची. तिसऱ्या आठवड्यात पट्टा नखाने उचलून पाहिला, खाली पिवळसर रेघ उमटली होती. मी पट्टा होता तिथे बसवला आणि तंग एका भोकाने आवळला. घरी जाऊन पोटभर जेवले. तू रंगाचे सोळा हात दिलेल्या पाठीवर माझा साज कायमचा उमटणार होता, आणि तो कुणाचा हे सांगायला चिठ्ठी लागणार नव्हती.

जूनमध्ये तू आलीस. साज घोड्यावरच होता; तो उतरवून, पाठीवरचे डाग बघून रडलीस, ते मी पाहिलं. माझ्याकडे वळून विचारलंस, “तू काढला होतास ना?” मी दुसऱ्यांदा होय म्हणाले. मग राहिली बाळाबाई. आठवड्यातून एकदा केर काढायला यायची, मीच दार उघडून द्यायची. तुझ्या नातीला घोडा खेळायला दिला असशील, साज पुन्हा चढवून ठेवला असशील, असं तू तिला म्हणालीस. ती म्हणाली, “मी कशाला हात लावू वयनी, मला त्यातलं काय कळतंय?” अकरा वर्षं तुझ्याकडे होती. तू तिला त्याच दिवशी काढलंस, आणि गल्लीतल्या दोन घरांत सांगितलंस की तिला वस्तूंना हात लावायची सवय आहे. तीही कामं गेली. मी तिथेच सोफ्यावर बसले होते. बाळाबाई माझ्याकडे बघत होती, मी खिडकीबाहेर. आता ती सांबऱ्याहून दोन बस बदलून उद्यमबागेत एका कारखान्यात झाडायला जाते. गुडघे दुखतात म्हणते.

काल ती माझ्याकडे आली होती. खाली बसली आणि म्हणाली, “बाई, लई इचार केला. पुसताना माझाच हात लागला आसंल. मलाच आठवत न्हाय, वय झालं. ऐतवारी जातो आणि वयनींच्या पाया पडून येतो.” न केलेली गोष्ट आपणच केली, अशी तिने स्वतःची खात्री करून घेतली आहे. मी तिला चहा दिला. ती गेल्यावर मात्र मला तू दिसायला लागलीस. तू तिला उठवणार, ‘जाऊ दे गं, झालं ते झालं’ म्हणणार, डोळे पुसणार, आणि ‘मी मोठ्या मनाने माफ केलं’ हे चार घरी सांगणार. ते सुख तुला मिळू द्यायचं नाही, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. बाळाबाईची दया येऊन लिहिलं असतं तर जूनमध्येच लिहिलं असतं. तिला मी काहीही सांगितलेलं नाही. रविवारी ती तुझ्या दारात वाकेल तेव्हा तुला सगळं ठाऊक असेल. वाकू दिलंस तर तू आणि मी सारख्याच. थांबवलंस तर माझं नाव घ्यावं लागेल, आणि ती साधी बाई आहे, ती पहिल्यांदा हेच विचारेल की कल्याणीबाईंनी असं का केलं. तेव्हा तो साज कुणी शिवला होता, ते तुला तुझ्या तोंडाने सांगावं लागेल. माइकवर नको, केर काढणाऱ्या बाईला सांगितलंस तरी मला पुरे.

तुझीच,
कल्याणी