स्थळी हजर

३ फेब्रुवारी, सोमवार. महाड

आलो एकदाचा. सांगलीहून निघताना आई म्हणत होती, त्या डोंगरात कुठे जातोस. पण गाव चांगलं गजबजलेलं आहे. चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर वरच्या मजल्यावर खोली मिळाली. मालकीण ललिताबाई. पहिल्याच दुपारी त्यांनी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी वर पाठवली, सोबत निरोप, की आज पाहुणे आहात, उद्यापासून डबा लावा.

काम आवडीचं आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतली एकवीस ठिकाणची नेटवर्कची यंत्रं माझ्या ताब्यात. पंचायती, शाळा, दवाखाने आणि मोबाईलचे मनोरेही याच जाळ्यावर चालतात. या महिन्याअखेर सगळ्या यंत्रांवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं आहे. ते मी महाडच्या ऑफिसात बसूनच करणार. माझे वरिष्ठ दत्ताराम साहेब स्वभावाने शांत, पण नियमाचे पक्के. त्यांचा एक नियम मला नवा होता. यंत्रावर सॉफ्टवेअर चढवण्याआधी तिथल्या माणसाला फोन करून यंत्रापाशी उभं करायचं आणि त्याचं नाव फॉर्ममध्ये ‘स्थळी हजर’ या रकान्यात लिहायचं. यंत्र सुरू झालं नाही, तर तो किल्लीने बंद करून पुन्हा चालू करतो. आपण ‘निघा’ म्हणेपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. साहेब म्हणाले, इथे गाडी पोचायला दोन तास लागतात. माणूस उभा असला की दोन मिनिटं.

१० फेब्रुवारी, सोमवार

कुडपणला जाऊन आलो. पोलादपूरवरून घाट चढत गेलं की वर सपाट माळ लागतो आणि गाव त्या माळावर. यंत्र गावाच्याही वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर. सोलरच्या पाट्या, एक लोखंडी पेटी, उंच खांब. पाऊण तासाची चढण आहे. तिथला आपला माणूस हैबतीकाका. साठीचे असतील. नाचणी-वरीची शेती. पेटीभोवतीचं गवत त्यांनी खळ्यासारखं गोल साफ केलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, फाल्गुनात वणवा येतो, यंत्र जळता कामा नये.

मला धाप लागली तशी हसले. म्हणाले, “सायेब, तुमचा जीव त्या कंप्युटरात हाय, पायांत नाय.” मग मला खडकावर बसवून पाणी दिलं आणि माझा दम परत येईपर्यंत शेजारी उभे राहिले. बसा म्हटलं, तर म्हणाले, पाहुण्याला सड्यावर एकटं बसवत नाय.

त्यांची मुलगी पूजा पोलादपूरच्या पंचायतीत संगणकावर काम करते. येताना तिला भेटलो. बापासारखीच फटकळ. म्हणाली, बाबा त्या पेटीला आमच्यापेक्षा जास्त जपतात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाच ठिकाणं उरली होती आणि उद्याची मुदत. चार झाली. शेवटचं कुडपण. सव्वातीन वाजले होते. हैबतीकाकांना फोन करायचा म्हणजे ते शेतातून घरी येणार, मग पाऊण तास चढणार. चार ठिकाणी काही अडलं नव्हतं. इथे काय अडणार? फोन केला नाही. ‘स्थळी हजर’मध्ये त्यांचं नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

यंत्र उठलं नाही.

तेव्हा फोन लावला. लागेना. गावचा मोबाईल मनोरा त्याच यंत्रावर, हे मला ठाऊक होतं.

चार चाळीसला पडद्यावर कुडपण हिरवं झालं. म्हणजे काका आपणहून चढले असणार. फोन न करता मनातच शाबास म्हटलं आणि चहा मागवला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दुपारी सड्याखालच्या गवताला वणवा लागला. गावातून कोणाला फोन लागेना. मदत पोचेपर्यंत दोन गोठे गेले. हैबतीकाका पेटीपाशी सापडले. साफ केलेल्या गोलाच्या आत आग आलीच नव्हती. अंगावर भाजल्याची खूण नाही. धुराने गेले. किल्ली हातात होती.

मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे लिहितानाही लाज वाटते. जणू त्याने काही फिटणार आहे.

४ मार्च, मंगळवार

चौकशी झाली. दत्ताराम साहेबांनी विचारलं, काका तर यंत्रापाशी हजर होते, मग दीड तास ते बंद का? मी म्हणालो, काम चालू असताना त्यांनी घाईने किल्ली फिरवली असावी. ‘असावी’ म्हणालो. साहेबांनी लिहिताना ‘फिरवली’ लिहिलं. मी वाचून सही केली.

तेराव्यालाही जाणार नाही. कोणत्या तोंडाने जाऊ?

१२ मार्च, बुधवार

पूजा ऑफिसात आली होती. माझ्या टेबलासमोर बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, गावात बोलतात की हैबतीने यंत्र बंद केलं म्हणून फोन लागला नाय, म्हणून गोठे गेले. ज्यांची गुरं जळली ते आईकडे बघून थुंकतात. शिमग्याला सगळा गाव एकत्र येईल, पण आई घराबाहेर पाऊल टाकायला तयार नाय. मग म्हणाली, “तुमच्या हुकमाशिवाय बाबांनी किल्लीला कधी हात लावला नाय. तुम्ही फोनवर होता ना? मग तुम्हीच सांगा, काय झालं. तुम्ही सांगाल ते मी आईला सांगेन.”

मी म्हणालो, मला नीट आठवत नाही.

तिने मान हलवली आणि मला पाणी विचारलं. माझा चेहरा उतरला होता म्हणे.

१३ मार्च, गुरुवार

नव्या सॉफ्टवेअरमध्ये एक दुरुस्ती आली आहे, म्हणून पुन्हा सगळीकडे फेरी. आज नाते गाव. फॉर्म उघडला तर ‘स्थळी हजर’मध्ये आधीच नाव: हैबती. जुना फॉर्म असेल म्हणून पुसलं. तिथल्या महिपतीचं नाव टाकलं. जतन केलं. पुन्हा हैबती.

आता इथे नियम मोडत नाही. महिपतीला फोन केला, तो यंत्रापाशी पोचला आणि त्याने मलाच झापलं. “ओ सुहासशेठ, एक माणूस उभा केलाय तर मला कशाला उन्हाचा पळवला?” कोण माणूस विचारलं. तो म्हणाला, म्हातारा हाय कोणीतरी, हातात किल्ली हाय. त्याला विचारलं तर म्हणतो, सायबांनी उभं केलंय.

भर दुपार होती. पंखा चालू होता. माझी पाठ भिजली.

१५ मार्च, शनिवार

तुडील. तिथला रामजी सावित्री नदीच्या काठावरून बोलत होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, तुमचे काका आलेत, चांगले आहेत, पण कपड्यांना जळक्या गवताचा वास येतो. फोन देऊ का विचारलं.

मी द्या म्हणालो. का म्हणालो कळत नाही.

आधी वारा. मग तोच आवाज. “हिरवा दिवा लागला, सायेब.”

मी म्हणालो, काका, निघा. निघा आता. तीन वेळा म्हणालो.

ते म्हणाले, “रेकॉर्डला मी हजर हाय, सायेब. कसा निघू?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१७ मार्च, सोमवार

म्हणजे उपाय माझ्याच हातात आहे. २७ तारखेची नोंद दुरुस्त करायची. हैबती हजर नव्हते. मी बोलावलं नव्हतं. नाव खोटं लिहिलं. त्याला साहेबांची मंजुरी लागते. तीनदा त्यांच्या दाराशी गेलो. तिसऱ्यांदा त्यांनीच आत बोलावलं, काय काम म्हणून विचारलं. मी रजा मागितली.

रजा.

बाहेर आलो तर आमच्या ऑफिसच्या यंत्राच्या खोलीत — काचेपलीकडे — पाठमोरे. पेटीकडे तोंड करून. नजर दिव्यांवर.

१८ मार्च, मंगळवार

ललिताबाईंनी आज दोन डबे पाठवले. विचारलं तर म्हणाल्या, तुमच्याकडे गावाहून कोणी आलेत ना, सकाळपासून दाराशी उभे आहेत, बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

एक डबा परत पाठवला. दुसराही तसाच राहिला.

१९ मार्च, बुधवार. सकाळ

आता खोलीच्या आत. राउटरपाशी. मी बघितलं की मान हलवतात, सगळं ठीक आहे म्हणून.

पूजाला फोन केला. म्हटलं, या, सांगायचं आहे. तिने फक्त विचारलं, खरं ना? मी हो म्हणालो. दुपारच्या एसटीने निघाली आहे.

पत्र लिहिलं. दोन पानं. सगळं. सही केली. लिहिताना काकांनी एकदाही इकडे पाहिलं नाही. माझी लाज त्यांनाच वाटत असावी.

१९ मार्च, दुपार

ती आली. खाली ललिताबाईंशी बोलते आहे. आईलाही आणलंय तिने — ललिताबाईंखेरीज आवाज दोन आहेत. काकांची बायको, तुळसाबाई. आईसमोर वाचायचं? ललिताबाईंसमोर? खालच्या सगळ्या बिऱ्हाडांसमोर —

कडी लावली.

पत्र ताटलीत धरून पेटवलं. दोन पानं. फक्त दोन —

विझलं. राख झाली. धूर मात्र थांबत नाही. गवताचा. कागदाचा नाही. खिडकी उघडी आहे, तरी —

दार वाजवतायत. पूजा ओरडते, सायेब, धूर कसला, दार उघडा. तुळसाबाईही. खांदा लावतेय कोणी. त्या मला वाचवायला —

कडी हाताच्या अंतरावर आहे. काढली की तोंड दाखवावं लागेल. काय सांगू? पत्र कुठे सांगू?

दिसत नाही आता. ओळ वाकडी जाते.

ते आले. इथे, शेजारी. म्हटलं, जा — तुमची माणसं दाराबाहेर आहेत, जा — निघा — मी हात जोडतो —

म्हणतात, तुम्हाला एकटं टाकून कसा जाऊ, सायेब.

खांद्यावर हात ठेवलाय. आणि मी त्यांना तिथे एकटं