मिलिंद नावाचं बारसं

रविवार, संध्याकाळ

किळस आली आज. नातवाचं नाव मिलिंद ठेवणार म्हणताच साळा म्हणाला, "काहून जी भाऊजी, हे बौद्धाइचं नाव आपल्यात ठेवतात का? लोक जात विचारतीन."

सून म्हणाली, "मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. त्याच नावाचा एक नाटककारही होऊन गेला."

"मंग आपला कोणता? नाटकवाला?" साळा हसला. पाहुणेही हसले. शी! दुधपित्या पोराची जात काढून हसतात!

माझी मुलगी, बाळाची आत्या, पाळण्याशी वाकून थांबली. "बाबा, सांगू का कानात?"

लोक खरंच काय म्हणतील?

"कानात नको वं. साऱ्याइले ऐकू जाईल असं सांग."

साळा न जेवता गेला. उद्या नातेवाइकांत सांगत फिरेल. फिरो.